काचेच्या पेटीतली शिंगटी

श्रोतेहो, मी इतिहासाचा अध्यापक. मासे हा काही माझ्या अभ्यासाचा विषय नाही. तरीही आज एका लहानशा माशाची गोष्ट घेऊन मी तुमच्यापुढे आलो आहे. तुमच्यापैकी जे नदीकाठी राहतात त्यांना हा मासा चांगला ठाऊक आहे. बोटभर लांबीचा, अंगावर खवले नसलेला, तोंडाशी मिशा असलेला; जाळ्यातून सोडवताना ज्याच्या काट्याचा प्रसाद काठावरच्या प्रत्येक पोराने एकदा तरी घेतलेला असतो, तो हा मासा. आपण त्याला शिंगटी म्हणतो. इंग्रजीत या साऱ्या मिशाळ माशांना कॅटफिश असे एकच नाव आहे.

भीमेकाठच्या एका तालुक्याच्या गावी माझे घर आहे. काही वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टाखातर मी घरात काचेची पेटी आणली. आधी चार रंगीत मासे सोडले आणि मग दुधाच्या किटलीतून नदीवरच्या तीन शिंगट्या आणून त्यांच्या सोबतीला घातल्या. पापुद्र्यासारखा विकतचा चारा सकाळी पाण्यावर टाकायचा, वरच्या माशांनी वरचा खायचा आणि शिंगट्यांनी तळाला पडलेला वेचायचा, असा माझा हिशेब. ज्याच्याकडून पेटी घेतली तोही म्हणाला होता, "सर, ही तळ साफ करते. हिला निराळं काही घालावं लागत नाही."

तीन आठवड्यांत तिन्ही शिंगट्या गेल्या. शेवटची गेली तेव्हा तिचे पोट पाठीला लागले होते. ज्या वृद्ध भोईबुवांनी त्या धरून दिल्या होत्या, ते त्याच सुमारास सहज घरी आले. पेटीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ही रातची चरणारी. तुम्ही वाढलं दिवसा, आणि तेही वर. मग तिनं जेवावं कधी?"

मला उत्तर सुचले नाही. पण इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. चूक झाली की ती पहिल्यांदा कुणी केली, हे तो शोधू लागतो. मीही शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले की माझी चूक फार जुनी आहे आणि तिला चांगली विद्वानांची परंपरा आहे. ती परंपराच आज सांगायची आहे.

माशाला खाऊ घालण्याची हौस आपल्याकडे नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत अनेक विषय त्यात आले आहेत. त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून एक भाग आहे. गळाने मासे धरण्याचा हा राजाचा खेळ. पण खेळ सांगता सांगता ग्रंथकार माशांच्या जाती सांगतो, खवल्यांचे मासे आणि बिनखवल्यांचे मासे असा भेद करतो आणि त्यांना घालायच्या चाऱ्याचीही चर्चा करतो. राजाचा हेतू शिकारीचा होता, हे खरे. तरी सगळ्या माशांना एकच चारा चालत नाही, ही गोष्ट जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी आपल्याकडे लिहून ठेवलेली होती, एवढे यातून नक्की दिसते.

दुसरी परंपरा श्रद्धेची. महाडजवळ वाळण कोंड येथे नदीच्या डोहात देवीचे मासे राखलेले आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि हात हात लांबीचे मासे वर येऊन ते मटकावतात. पाहून मन प्रसन्न होते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. वर येतो तो खवल्यांचा, दिवसा हिंडणारा मासा. डोहातल्या कपारींत मिशाळ मासे असले तरी चुरमुऱ्यांसाठी ते वर येत नाहीत. वरून टाकलेले दान तळापर्यंत पोचतेच असे नाही.

आता काचेच्या पेटीकडे वळू. ही पेटी मात्र युरोपातून आली. लंडनमध्ये नथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. १८२९ च्या सुमारास त्यांना असे दिसले की बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेच्याचे रोप आपोआप उगवले आणि तगले. त्यातून झाडे ठेवायच्या बंद काचपेट्या निघाल्या. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पाण्याच्या बाबतीत तोच विचार केला. त्याने एका मोठ्या काचपात्रात दोन सोनेरी मासे सोडले आणि पाण्यातली वनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासा तो घेईल, ही कल्पना. पण वनस्पतीची पाने कुजू लागली, काचेवर बुळबुळीत थर चढला. तेव्हा त्याने पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाल्ला आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला.

श्रोतेहो, या प्रयोगात तीन पात्रे आहेत. एक श्वास देणारे, एक श्वास घेणारे आणि तिसरे झाडलोट करणारे. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप गॉस याचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक निघाले आणि शहरातल्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्या झळकू लागल्या. पेटीबरोबर ही तीन पात्रांची कल्पनाही घरोघर गेली. काळ लोटला आणि तळाला राहणारा, वाळूत सारखे तोंड खुपसणारा एक मिशाळ मासा पेटीत आला. लोकांनी त्याच्याकडे पाहिले आणि ठरवून टाकले की हाच तो झाडूवाला! माझ्या मते गोगलगाईची जागा अशा रीतीने त्याच्या गळ्यात पडली. त्याला कुणी विचारले नाही.

हा मासा कोण, कुठला, हेही पाहण्यासारखे आहे. १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' जहाजावरून चार्ल्स डार्विन जगप्रवासाला गेला होता. मौज अशी, की ती जागा आधी लेनर्ड जेनिन्स या निसर्गाभ्यासक पाद्रीबुवांना देऊ केली होती. त्यांनी आपली धर्मसेवा सोडून जायला नकार दिला. पण डार्विनने प्रवासात जमवलेले मासे परत आल्यावर तपासायला आले ते याच जेनिन्स यांच्याकडे. दक्षिण अमेरिकेतल्या त्या माशांत ठिपक्याठिपक्यांचा एक लहान मिशाळ मासा होता. १८४२ मध्ये जेनिन्स यांनी त्याला नाव दिले. पुढे तो 'कोरिडोरस' या नावाने जगभर ओळखला गेला. शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये या कुळाची फेरमांडणी करून त्याला 'हॉप्लिसोमा' या कुळात घातले आहे. पण हौशी मंडळींच्या तोंडी जुनेच नाव आहे.

याच सुमारास आपल्या दख्खनच्या माशांचीही नोंद चालली होती. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी इथल्या मुलुखाची माहिती गोळा करीत हिंडत होता. त्याने दख्खनच्या माशांवर लिहिलेला निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आला. साइक्सचे मला कौतुक वाटते ते एका गोष्टीसाठी. माशांची शास्त्रीय नावे ठेवताना त्याने कितीतरी ठिकाणी इथल्या लोकांच्या तोंडची नावेच उचलली. आपली शिंगटी त्याच्यामुळे शास्त्रात 'सींगटी' म्हणूनच गेली आणि आजही शास्त्रज्ञ तिला 'मिस्टस सींगटी' म्हणतात. कुणा अनाम कोळ्याने वा भोयाने सांगितलेला शब्द लंडनच्या ग्रंथात जाऊन बसला आणि टिकला.

पण साइक्स काय किंवा जेनिन्स काय, त्यांच्यापुढचा मासा मेलेला होता. मद्यार्काच्या बाटलीतला मासा मोजता येतो, त्याच्या पंखांतले काटे मोजता येतात, त्याला नाव देता येते. पण तो जेवत नाही. तो कधी खातो, कसा खातो, हे समजायला तो जिवंतच हवा.

हे काम पुढे पॅरिसमध्ये झाले. पिएर कार्बोनिए नावाचा एक मत्स्यपालक तिथे होता. १८६९ मध्ये त्याने चीनमधून आलेल्या 'स्वर्गीय' माशांची पिले आपल्याकडे वाढवली होती. १८७८ च्या सुमारास त्याच्याकडे डार्विनच्या त्या ठिपक्यांच्या कोरिडोरसने अंडी घातली. हा मासा आतड्यानेही श्वास घेतो. मधूनच झर्रकन वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाला जातो. जहाजाच्या लांब प्रवासात, कोंदट पाण्यात तो तगला असेल तर या गुणामुळेच, असे मानायला हरकत नाही. मादी आपले पोटाखालचे पंख जुळवून ओंजळीसारखा खळगा करते, त्यात थोडी अंडी धरते आणि मग ती पानाला किंवा काचेला चिकटवते.

आता विचार करा. उपाशी म्हैस दूध देईल काय? मासाही तसाच. दुसऱ्याच्या उष्ट्यावर कसाबसा जगणारा मासा अंडी घालीत नाही. ज्या घरी तो अंडी घालतो, त्या घरी त्याचे पोट भरलेले असते. म्हणजे हा मासा नीट पोसता येतो, हे पॅरिसमध्ये सिद्ध झाले होते. तरीदेखील 'तळ झाडणारा' ही त्याची ओळख पुसली गेली नाही. ती इतकी पक्की झाली, की माझ्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोचली.

मग तो वाळूत तोंड खुपसून करतो काय? तो शोधतो. त्याच्या मिशांवर चव कळण्याची सोय असते. नदीतल्या वाळूत आणि गाळात बारीक किडे, अळ्या, जंतासारखे जीव असतात. गढूळ पाण्यात, अंधारात मिशांनी चाचपून तो ते हुडकतो. आपल्याला ती झाडलोट वाटते. त्याच्या बाजूने पाहिले तर ते आपल्या शेतकऱ्याने भुईमूग वेचावा तसे काम आहे. पेटीतल्या धुतलेल्या वाळूत तो वेच करतो, पण तिथे पेरलेलेच काही नसते.

एक गोष्ट इथे जोडायला हवी. नदीतून धरलेला मासा दूर पाठवायचा असला की त्याला आधी उपाशी ठेवतात. पोट रिकामे असले म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. त्या धंद्यात ते आवश्यकच आहे. पण त्यामुळे असा मासा आपल्या हाती येतो तेव्हाच तो भुकेलेला आणि भेदरलेला असतो. त्याला पापुद्र्यासारखा चारा अन्न म्हणून ओळखताच येत नाही. तो ओळखतो वळवळणारे, जिवंत. म्हणून मत्स्यपालनाच्या इतिहासात जिवंत चाऱ्याचा शोध हा मोठा टप्पा समजतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयातले अल्विन सील यांनी १९३३ मध्ये खाऱ्या पाण्यातल्या 'आर्टेमिया' नावाच्या बारीक जिवाबद्दल लिहिले. त्याची अंडी वाळवून ठेवता येतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की एकदोन दिवसांत जिवंत पिले निघतात. नदी दूर असली तरी माशाला जिवंत घास देण्याची सोय झाली.

आणि कुणाला वाटेल की सगळे मिशाळ मासे किडे-अळ्याच खात असतील, तर त्याचे उत्तर आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेने दिले आहे. १९५२ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी तिथल्या एका लहान मिशाळ माशाचे वर्णन केले. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो! कुलकर्णींनी त्याचे नाव ठेवले 'खवलचोर'. अगदी आपले मराठी नाव, आणि जगभरच्या ग्रंथांत तेच चालते. आता सांगा, हा पाहुणा कुणी 'तळ साफ करील' म्हणून रंगीत माशांच्या पेटीत सोडला, तर तो काय साफ करील?

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत अशी पेटी ठेवायची असेल, तर या इतिहासातून निघणारे चार धडे सांगतो. माझ्या घरी आज दोन शिंगट्या आहेत आणि त्या तीन वर्षे टिकल्या आहेत, म्हणून हे बोलण्याचे धाडस करतो.

पहिला धडा पाण्याचा. नव्या पेटीत एकदम पुष्कळ मासे सोडू नयेत. माशाच्या विष्ठेतून अमोनिया निघतो आणि तो विषारी असतो. त्याचे कमी घातक द्रव्यांत रूपांतर करणारे जिवाणू वाळूत आणि गाळणीत वाढायला काही आठवडे लागतात. वॉरिंग्टनच्या काळी हे उलगडलेले नव्हते. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मग घालावे. विहिरीत नुकतीच टीसीएल पावडर टाकली असेल, तर ते पाणी मुळीच घेऊ नये.

दुसरा धडा घराचा. तळाला धारदार खडी नको, नदीची बारीक गोल वाळू हवी. खडीने आणि साचलेल्या घाणीने मिशा झिजतात, आणि मिशा गेल्या की त्याची चाचपण्याची काठीच गेली. लपायला कौलाचा तुकडा किंवा फुटके मडके पुरते. झाकण मात्र हवे. माशाला उचलायचे झाल्यास जाळीऐवजी वाडग्याने उचलावे, म्हणजे काटे अडकत नाहीत.

तिसरा धडा जेवणाचा. दिवा मालवल्यावर वाढावे. तळाला बुडेल असे वाढावे. स्वच्छ धुऊन बारीक चिरलेले गांडूळ हा पहिला घास उत्तम. डासांच्या अळ्या तर फुकटच्या. त्या पकडून आणल्या की गावाचेही भले. गटारातले तांबडे किडे मात्र टाळावेत, त्यांच्याबरोबर रोग येतो. महिनाभरात मासा सरावला, की बुडणाऱ्या गोळीची सवय हळूहळू लावावी. सकाळी उरलेले काढून टाकावे. किती वाढायचे याचे माप पुस्तकात नाही, ते माशाच्या पोटावर लिहिलेले असते. काचेतून बाजूने पाहावे. पोट किंचित भरलेले दिसले म्हणजे पुरे. आणि शिंगटी ही शिकारीही आहे. तिच्या तोंडात मावेल असा मासा तिच्यासोबत ठेवू नये. कोरिडोरस मात्र गरीब. त्याला आपल्या जातीच्या पाचसहांची सोबत लागते.

चौथा धडा निरोपाचा. विकत आणलेला परदेशी मासा नकोसा झाला, तर तो नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नये. 'काच साफ करतो' म्हणून दक्षिण अमेरिकेतला चिवट सकर मासा घरोघर आणला गेला. तो फूटभर वाढला, पेटीत मावेना, तेव्हा लोकांनी तो दयेपोटी पाण्यात सोडला. आज केरळ, आंध्र, पश्चिम बंगाल आणि आपल्या उजनीच्या जलाशयातही तो सापडतो. त्याच्या खरबरीत अंगाने जाळी फाटतात आणि खायला त्याला गिऱ्हाईक नाही. शहरातल्या दिवाणखान्यातल्या एका चुकीच्या समजुतीची किंमत धरणाकाठचा मच्छीमार मोजतो आहे.

श्रोतेहो, सोमेश्वर राजाला ठाऊक होते की माशामाशाचा चारा निराळा. भोईबुवांनाही ते ठाऊक होते. मधल्या काळात आम्ही शिकलेले लोक ते विसरलो, कारण तळाला राहणाऱ्याने वरच्यांच्या उष्ट्यावर जगावे, हे आम्हाला कुठेतरी स्वाभाविक वाटत होते. निसर्गाने तसा नियम केलेला नाही. ती आपली समजूत आहे, आणि समजुती बदलता येतात.

माझ्या घरी रोज रात्री साडेनऊला दिवा मालवतो. धाकटी मुलगी वाटीत गांडुळाचे तुकडे घेऊन पेटीशी बसते. थोडा वेळ काही हलत नाही. मग कौलाच्या तुकड्याखालून आधी मिशा बाहेर येतात आणि मागून शिंगटी येते. मुलगी हळूच म्हणते, "बाबा, आली जेवायला."